गुरुजी सांता झाले तेव्हा

बालमनाची निरागसता जपणं हे प्रत्येक सुजाण पालकाचं आणि शिक्षकाचं आद्य कर्तव्य आहे. आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेरच्या भिंतीवर हे वाक्य निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं आणि त्याखाली संस्थेच्या अध्यक्षांचं नाव होतं. वाक्यापेक्षा नावाची अक्षरं मोठी होती. उशिरा येणाऱ्या मुलांना अंगठे धरून उभं करायची जागा नेमकी त्या भिंतीपुढे होती, कारण तिथे दुपारपर्यंत ऊन असायचं.

ही शाळा नव्वदीच्या दशकात वडीगोद्रीजवळ हायवेला लागून उघडली. माध्यम इंग्रजी. म्हणजे फळ्यावर इंग्रजी आणि फळ्याच्या अलीकडे-पलीकडे मराठी. मी दुसरीचा वर्गशिक्षक होतो. आम्ही बाकीचे सगळे ‘सर’ किंवा ‘मिस’ होतो. गुरुजी एकटे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळांतून, आष्टी ते शहागड अशी सगळीकडची धूळ खाऊन ते निवृत्त झाले होते. आमच्यापैकी कुणालाच तेराच्या पुढचे पाढे येत नव्हते म्हणून त्यांना गणिताला घेतलं होतं. त्यांनाही ‘सर’ म्हणावं असा अध्यक्षांचा आदेश निघाला. सर म्हणून हाक मारली की गुरुजी मागे वळून दुसरं कुणी उभं आहे का ते बघत. पंधरा दिवसांत आदेश आपोआप मेला.

त्यांना छातीपर्यंत पांढरी दाढी होती. पूर्वी कधीतरी तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘गुरुजी, रोज दाढी करत जा’ असा शेरा दिला होता. त्या दिवसापासून त्यांनी वस्तरा लावला नाही.

गुरुजींचा लाडका शब्द होता ‘कुणी?’. कुठल्याही चांगल्या गोष्टीपुढे ते हा प्रश्न विचारायचे. जेवायला बोलावलं की पहिला घास घेऊन विचारत, ‘भाजी कुणी केली?’ मग ताटावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात जात आणि आतल्या बाईला सांगत की भाजी चांगली झाली आहे. पुरुष यजमान अवघडून जायचे. काही घरांत तर त्या बाईला लग्नानंतर हे पहिल्यांदाच कुणी सांगितलेलं असायचं आणि ते सगळ्यांच्या लक्षात यायचं.

शाळेत पाण्याची टाकी झाली. संगमरवरी पाटीवर अकरा नावं. उद्घाटनाला गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून सगळी पाटी वाचली आणि अध्यक्षांना विचारलं, यातले टाकी बांधायला कोण होते? अध्यक्ष म्हणाले, बांधायला गवंडी होता. गवंड्याचं नाव कुणालाच सांगता येईना. गुरुजींनी ते शोधून काढलं आणि दुसऱ्या दिवशी खडूने पाटीखाली लिहिलं. शाळेत पाणी भरणं, घंटा वाजवणं, बारक्या पोरांचं सगळं काढणं हे काम कडूबाईकडे होतं. तिने पाटी धुताना ते नाव पुसलं. गुरुजींनी पुन्हा लिहिलं. महिनाभर हे चाललं. शेवटी कडूबाई पाटीच्या खालचा भाग सोडून धुवायला लागली.

यावरून कुणाला वाटेल की गुरुजी नास्तिक होते, तर तसं काही नव्हतं. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या, सोळा भाज्या व्हायच्या, सगळं बराबर. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाच्या पाण्याने मुठीचे ठसे उमटवून लक्ष्मीची पावलं काढतात. घरोघर हे काम पोरं झोपलेली असताना उरकतात आणि उठल्यावर त्यांना सांगतात, बघा, आली. गुरुजींनी तरुणपणी स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीलाच ताटलीपुढे बसवलं आणि तिच्याच मुठीने पावलं काढून घेतली. बायको चिडली, पोरीची श्रद्धा जाईल म्हणाली. पोरीने सगळी पावलं स्वतः काढली, हात धुतले, मग दारात जाऊन बसली आणि विचारलं, ‘आता कधी येती?’ गुरुजी ही गोष्ट आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगायचे. त्यांची बायको तिच्या बाजूचा.

पडलेला दात पोरं उंदरासाठी पत्र्यावर फेकतात. बदल्यात उंदीर नवा दात आणून देतो म्हणे. गुरुजींनी पहिलीच्या वर्गात सांगून टाकलं की दात आपला आपण येतो, उंदराला स्वतःचेच सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. एक आई तक्रार घेऊन आली. गुरुजी तिला म्हणाले, ‘बाई, पोराला भाकर तुम्ही घालून राह्यल्या. दात त्यातून येतो. उंदराचं नाव कशाला?’ बाई तक्रार न करता परत गेली.

मी त्या काळात बरंच वाचायचो, त्यामुळे माझी मतंही बरीच होती. स्टाफरूममध्ये मी त्यांना म्हणालो की मुलांना कल्पना लागते, अद्भुत लागतं, तुम्ही सगळंच सोलून काढाल तर हातात काय राहील? गुरुजींना माझं म्हणणं फार बाळबोध वाटलं. ते स्वतः गोष्टी सांगायचे आणि अशा सांगायचे की तिसरीचा वर्ग डबा खायचा विसरायचा. बोलणारे बैल, विहिरीतले राक्षस, सगळं त्यात असायचं.

‘गोष्ट रोज सांगा की,’ ते म्हणाले. ‘पण गोष्टीत पोराला ठाऊक असतं का ही गोष्ट हाय. तुम्ही गोष्ट सांगून त्याच्या खाली पोराची सही घेऊन राह्यले. ते येगळं.’

मला तेव्हा हा फरक फारसा पटला नव्हता.

मग आमच्या शाळेत सांता क्लॉज आला. अध्यक्ष नातवाच्या शाळेत औरंगाबादला गेले होते, तिथे त्यांनी पाहिला आणि आपल्याकडेही पाहिजे म्हणाले. संस्थेतल्या एका सभासदाने हे परदेशी आहे अशी हरकत घेतली. अध्यक्षांनी ती मोठ्या मनाने ऐकून घेतली आणि सांताने आधी सरस्वतीच्या फोटोपुढे नारळ फोडावा असं ठरवलं. पालकांना चिठ्ठी गेली: आपल्या पाल्याला न कळता, कागदात गुंडाळून, नाव घालून भेटवस्तू ऑफिसात जमा करावी, ती सांताच्या हस्ते देण्यात येईल, गुप्तता पाळावी. पोशाख जालन्याच्या एका शिंप्याकडून आला. तो एरवी बँडवाल्यांचे कपडे शिवायचा, त्यामुळे सांताच्या खांद्यावर सोनेरी झालरी होत्या. दाढीला कापूस जिनिंगवरून आणला. ती एक गोष्ट आमच्याकडे अस्सल होती.

पहिल्या वर्षी पीटीचे सर सांता झाले. त्यांनी माइकवर सांगितलं की सांता वर्षभर वरून बघत असतो, आणि जी मुलं चांगली वागतात त्यांनाच भेट देतो. हे वाक्य त्यांना अध्यक्षांनी लिहून दिलं होतं. मी यादी वाचत होतो. त्या आठवड्यात दोन पोरांना चावलेल्या कंत्राटदाराच्या मुलाला बॅटरीवर चालणारी मोटार मिळाली. ज्यांच्या घरून काही आलं नव्हतं त्यांना शेवटी रांगेत उभं करून अध्यक्षांच्या बागेतली एकेक मोसंबी दिली.

त्या रांगेत कडूबाईची वैशाली होती. ती तेव्हा पहिलीत होती. आई शाळेत कामाला म्हणून तिला फी माफ होती. बाप ट्रकवर होता. त्याचं येणं कमी आणि जाणं जास्त असायचं. वैशाली मोसंबी हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, तिला मोसंबी आवडली असावी.

पुढच्या वर्षी ती माझ्या वर्गात आली तेव्हा इतकी शहाणी मुलगी मी पाहिली नव्हती. कुणी न सांगता वर्ग झाडायची. आपल्या डब्यातली पोळी दुसऱ्याला द्यायची. विचारल्याशिवाय बोलायची नाही आणि विचारलं तरी थोडंच. मी इतर मुलांना तिचं उदाहरण द्यायचो. मिस लोक तर तिला वर्गावर्गातून फिरवून दाखवायचे. अध्यक्षांच्या कानावर गेलं आणि सांताचा उपक्रम यशस्वी झाल्याचं त्यांनी सभेत सांगितलं.

एकट्या गुरुजींना ते आवडलं नाही. आदल्या वर्षी हीच पोरगी त्यांच्या तासाला पाढे ओरडून म्हणायची आणि गुरुजी चुकले की भांडायची. (ते मुद्दाम चुकायचे.) एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी तिला व्हरांड्यात थांबवलं. मी शेजारी वह्या तपासत बसलो होतो.

‘काहून गं? तोंडाला कुलूप लावलं का?’

तिने वर पत्र्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘सांता बघून राह्यला.’

‘बघून काय करतो?’

‘लिहितो.’

‘मागल्या साली काय लिहिलं त्यानं?’

‘मी खराब हाय म्हणून.’

हे तिने रडून सांगितलं नाही. वर्गात हजेरी द्यावी तसं सांगितलं. गुरुजींनी तिला जा म्हटलं. मग माझ्याकडे बघितलं. मी वह्या तपासत राहिलो, कारण तपासायच्या वह्या खरोखरच बऱ्याच होत्या.

ते अध्यक्षांकडे गेले. हे बंद करा, नाहीतर शाळेकडून सगळ्यांना सारखं काहीतरी द्या, असं म्हणाले. अध्यक्षांनी सांगितलं की सगळ्यांना सारखं दिलं तर पालकांचा उत्साह जातो, आणि पोरगी सुधारलीच आहे ना? आपल्याला दुसरं काय पाहिजे? गुरुजी परत आले, स्टाफरूममध्ये पाणी प्यायले आणि यंदा सांता मी होणार म्हणाले. सगळ्यांना आनंद झाला. दाढीचा कापूस वाचला, आणि पीटीच्या सरांना त्या कपड्यात घामोळं झालं होतं.

डिसेंबरात कडूबाई एक पुडकं घेऊन माझ्याकडे आली. आत लाल वॉटर बॅग होती, नळी असलेली, खांद्याला अडकवायची. शहागडच्या बाजारातून आणलेली. शाळेतल्या सगळ्या पोरांच्या वॉटर बॅगा रोज कडूबाईच भरायची. तिची पोरगी नळाला ओंजळ लावून प्यायची. तिचं एवढंच म्हणणं होतं की वैशालीला कळू नये. गुरुजी तिथेच होते. ते जसं सगळ्यांना, तसंच तिलाही ‘अहो-जाहो’ करायचे. म्हणाले, तुम्ही आणली, तर नाव तुमचंच पाहिजे. मग वैशाली व्हरांड्यात काय म्हणाली तेही त्यांनी सांगितलं.

कडूबाईला ते ठाऊक होतं. ‘म्हणून तर आणली,’ ती म्हणाली. ‘यंदा भेटली का तिला समजंल, आपण चांगले हाव.’

‘अन् पुढच्या साली जमलं न्हाई तर?’

‘ते पुढच्या साली बघू.’

‘कडूबाई, तुम्ही राबून आणायचं अन् पोरीनं आभार दुसऱ्याचे मानायचे. बिलकुल बराबर न्हाई.’

कडूबाईने पुडक्याचा कागद सारखा केला. ‘माझ्याकडून तर ती रोजच घेती, गुर्जी. एक दिस दुसऱ्या कुणी दिलं तर तिला वाटंल, का माझ्या मायशिवाय आणखीन कुणाचं तरी माझ्याकडं ध्यान हाय.’

कडूबाई ‘सांगू नका, गुर्जी’ असं पुन्हा एकदा म्हणाली आणि घंटा द्यायला गेली.

कार्यक्रम सकाळी मैदानावर होता. मांडव, माइक, अध्यक्ष, सरपंच, खुर्च्यांना पांढरी कापडं. गुरुजींनी नारळ फोडला. सोनेरी झालरींच्या लाल कोटात, स्वतःच्या दाढीने, ते इतके हुबेहूब दिसत होते की सरपंचांनी बसल्या जागेवरून त्यांना नमस्कार केला. मी यादीतलं पहिलं नाव वाचलं, कंत्राटदाराच्या मुलाचं. गुरुजींनी खोकं हातात घेतलं आणि माइकपाशी गेले.

‘पोरांनो, मी तुमचा गणिताचा गुर्जी हाय. दाढी माझी हाय, बाकीचं शाळेचं. सांता-बिंता कुणी न्हाई. वरून कुणी बघून राह्यलं न्हाई अन् कुणी लिहून राह्यलं न्हाई. ह्या वस्तू तुमच्या मायबापांनी आणल्या. आता तेच येऊन देतील.’

पोरांतून कुणीतरी ओरडलं, ‘आम्हाला ठाऊक हाय, गुर्जी.’ बरीच पोरं हसली. बालवाडीतली दोघंतिघं मात्र रडायला लागली आणि एका आईने तिच्या मुलीला उचलून, गुरुजींकडे बघून काहीतरी पुटपुटत, तिथून नेलं. हे मी मुद्दाम नोंदवतो. गुरुजींच्या खरेपणाची किंमत गुरुजींनी एकट्यानेच मोजली असं नाही. पण ती आई ज्या गोष्टीवरून चिडली ती एका सकाळची होती, आणि वैशालीचं वर्ष गेलं होतं.

अध्यक्ष खुर्चीवरून ‘गुरुजी, गुरुजी’ म्हणत होते. गुरुजींनी कंत्राटदाराला वर बोलावलं, स्वतःची लाल टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि खोकं त्याच्या हातात दिलं. इतक्या कामांची उद्घाटनं केलेला तो माणूस पोराच्या हातात खोकं देताना लाजला. मग एकेक जण यायला लागला. शेतातून आलेले बाप, मागे ढकलल्या जाणाऱ्या आया. एका म्हाताऱ्या आजोबांनी पांढऱ्या टोपीवरच लाल टोपी चढवून घेतली आणि उतरताना ती द्यायला विसरले; ती त्यांच्यामागे धावून परत आणावी लागली. मी नावं वाचत राहिलो. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला थांबायचंही नव्हतं.

मध्येच गुरुजी माइकवर म्हणाले, ‘ज्यांच्या घरून काही आलं न्हाई त्यांनी ऐका. यंदा घरच्यांना जमलं न्हाई. एवढंच. तुमची त्यात काही चुकी न्हाई.’

मग मी वैशालीचं नाव वाचलं. ती स्टेजवर आली. कडूबाई मांडवाच्या कडेला पाण्याच्या ड्रमजवळ उभी होती. तिने गुरुजींकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. गुरुजी पुडकं हातात घेऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ते स्वतःच देऊन टाकतील. एवढं एक खोटं या माणसाला परवडायला हरकत नाही. मीसुद्धा मनातून तेच म्हणत होतो.

गुरुजी म्हणाले, ‘कडूबाई, या.’

कडूबाई हलली नाही. मग गुरुजी गुडघा धरत, बांबूचा आधार घेत खाली उतरले, तिच्यापर्यंत गेले, पदरावरून तिच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि पुडकं तिच्या हातात दिलं. वैशाली त्यांच्या मागोमाग आली होती. तिने पुडक्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं.

‘तू आणली?’

‘हाव.’

‘मंग मागल्या साली काहून न्हाई आणली?’

‘जमलं न्हाई.’

‘मी खराब होते म्हणून न्हाई?’

‘न्हाई गं माय. जमलं न्हाई म्हणून.’

वैशालीने थोडा हिशोब केला असावा. मग ती वर्षभराचा आवाज एकदम काढावा अशी ओरडली, ‘मंग मी सालभर वर्ग काहून झाडला?’

स्टेजवरच्या माइकची गरज पडली नाही. मागे कुणीतरी हसलं आणि आपण एकटेच हसतो आहोत हे कळल्यावर थांबलं. वैशाली आता रडत होती, रागाने, पाय आपटत. आईला मारत होती आणि आईलाच धरून होती. कडूबाई लाल टोपी घालून तिला थोपटत राहिली. ‘मलाबी ठाऊक नव्हतं बाई, तू एवढं झाडशील,’ असं काहीतरी ती म्हणत होती. अध्यक्षांनी राष्ट्रगीत घ्यायला सांगितलं.

गुरुजींना तीन दिवसांनी पत्र मिळालं: प्रकृतीच्या कारणास्तव आपली सेवा थांबवण्यात येत आहे. गुरुजींनी उलट टपाली विचारलं की त्यांची प्रकृती कुणी तपासली. उत्तर आलं नाही. ते शहागडकडे आपल्या गावी गेले आणि तिथे देवळाच्या ओट्यावर पोरांना पाढे शिकवायला लागले. मी दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा त्यांनी पोरांसमोर माझी परीक्षा घेतली. दोन्ही वेळा मी सतराच्या पाढ्याला अडकलो.

आजही ओळखीचे लोक विचारतात, थोडे दिवस मानू दिलं तर काय बिघडतं? मी म्हणतो, गोड खोटं सांगायला माझी हरकत नाही. फक्त ते खोटं वह्या लिहीत नसावं, आणि ज्याच्या घरी जमलं नाही त्याचा निकाल लावत नसावं. तेवढी अट घातली की बहुतेक सांता अडचणीत येतात.

त्या कार्यक्रमानंतर मी कडूबाईला विचारलं, तू नको म्हणाली होतीस, गुरुजींचा राग नाही आला?

‘आला की,’ ती ड्रममध्ये पाणी ओतत म्हणाली. ‘चार दिवस आला. टोपीबी लई गरम होती.’ मग तिने ओळीत ठेवलेल्या वॉटर बॅगा भरायला घेतल्या. त्यात एक लाल होती. ती तिने इतर बॅगांइतकीच भरली.

एप्रिलमध्ये मी दुसरीची निकालपत्रं लिहिली. वैशाली गणितात पहिली होती. वर्तनाच्या रकान्यात मी तिला ‘असमाधानकारक’ दिलं: वर्गात सतत बोलते, आणि झाडायला सांगितलं तर आज पाळी कुणाची ते विचारते.